पहिल्या साक्षीपासून

टच्. म्हातारीच्या बोटांत रश्शात घालायची एगुसीची बी फुटली आणि बैठकीतलं बोलणं थांबलं.

"काय नाव म्हणालास?" तिनं विचारलं.

कोर्टाचा कारकून ओक्वुदिली गडबडला. तो न्यायमूर्ती अकुन्नाबाईंशी बोलत होता, त्यांच्या या म्हाताऱ्या आईशी नव्हे. "इवुओहा, आजी. मुलीच्या खटल्यासाठी रोज कोर्टात येऊन बसतात." मग तो पुन्हा अकुन्नांकडं वळला. "मायलॉर्ड, सोमवारी निकाल वाचायचा तर नोटीस आजच काढायला हवी. मंगळवारी राजधानीत, अबुजात तुमची शपथ. एकदा तुम्ही अपील कोर्टात गेलात की हा खटला नव्या न्यायाधीशाकडं, आणि पुन्हा पहिल्या साक्षीपासून."

"माहीत आहे मला."

"त्यांची ती मुलगी विधवा आहे हो. दिरांनी घराला कुलूप ठोकलं. तिची पोर आपल्या झिकोराएवढीच."

नाव ऐकून अकुन्नांच्या नातीनं खडू थांबवला आणि मान वर केली.

"साक्षीदार म्हातारे झालेत. एक तर गेलाच. आणि निकाल तयार आहे, मायलॉर्ड. नुसता वाचायचाय."

तयार होता. अकुन्नांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, विधवेच्या बाजूनं. पुरावे बघता दुसरं काही लिहिताच आलं नसतं.

"ओक्वुदिली, बाळा," म्हातारी म्हणाली, "मागच्या ओट्यावर बसून जरा माल्ट पी जा. गार आहे."

तो गेला. म्हातारीनं बियांची परात बाजूला सारली.

"हा इवुओहा म्हणजे तुझ्या बापाचा सख्खा भाऊ. तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या तारखेपासून."

"आणि त्यानं ओळखलं नाही तुला?"

"नवऱ्याचं आडनाव लावते मी. शिवाय त्यानं शेवटचं पाहिलं तेव्हा मी पोर होते आणि बाबांच्या सुतकात माझं डोकं भादरलेलं होतं, तुझ्यासारखंच."

त्या पहिल्या तारखेलाच सांगायला हवं होतं, हा माझा चुलता, खटला दुसऱ्याकडं द्या. अकुन्नांनी सांगितलं नव्हतं.

"वाकतो तुझ्यापुढं?"

"कमरेत. मायलॉर्ड म्हणतो."

"गोड लागतं?"

"लागतं, आई."

म्हातारी हसली. मग हसू गेलं. "तुझ्या बापाच्या प्रेताला अंघोळ घातलेलं पाणी त्यानंच वाडग्यात भरून माझ्या तोंडाला लावलं होतं. नवऱ्याला खाल्लं नसशील तर पिऊन दाखव, म्हणाला. प्यायले मी. तरी संध्याकाळी आपण दोघी रस्त्यावरच." तिनं नवी बी उचलली. "तुझ्या लेकीला पाजलं का रे कुणी, विचार त्याला."

"पाजलं. साक्षीत आलंय."

म्हातारीची बोटं तशीच राहिली. मग तिनं बी दातांखाली धरून फोडली.

"मग बापालाही चव कळू दे. निकाल वाचू नकोस."

अकुन्ना खिडकीपाशी गेल्या. बाहेर आंब्याच्या पानांवर हर्मटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ बसली होती. ओट्यावर ओक्वुदिली बाटली तोंडाला लावून बसला होता.

"ओक्वुदिली."

तो धडपडत आत आला.

"नोटीस नको. मला वेळ होणार नाही. फाईल नव्या न्यायाधीशाकडं जाऊ दे."

"मायलॉर्ड... तो म्हातारा पार थकलाय. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे त्याच्या हयातीत तरी..."

"मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

त्यानं मान लववली आणि निघून गेला. फाटक लागल्याचा आवाज आला. यात बेकायदा काही नव्हतं. बढती मिळालेल्या कुठल्याही न्यायाधीशाला या एका खटल्याबद्दल कुणी जाब विचारणार नव्हतं.

"आज रस्सा मी करते," म्हातारी म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती स्वतःहून उठली आणि गुणगुणत चुलीकडं गेली.

अकुन्ना खुर्चीवर टेकल्या. झिकोरा खडू मुठीत घेऊन आली आणि आजीच्या मांडीवर चढून बसली. तिनं आजीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आज्जी, मग ती माझ्याएवढी मुलगी आता कुठं झोपणार?"