जंतुनाशकाचे चार थेंब

"ताई, डबीत एकही जंतू जिवंत सापडला नाही," लॅबचे ढेंगळे दारातूनच म्हणाले. "पुन्हा नमुना लागेल."

मृदुलाला उलट बरंच वाटलं. सहा वर्षांच्या शाल्मलीच्या दम्याचा पोटातल्या जंतूंशी काही संबंध आहे का, हे पाहायला डॉक्टरांनी तिची शी तपासायला मागवली होती. आता परक्यांकडे पाठवायची असली वस्तू! मृदुलाने डबी उकळत्या पाण्यातून काढली होती आणि झाकण लावण्याआधी आत जंतुनाशकाचे चार थेंबही टाकले होते. हे तिने अभिमानाने सांगितलं.

ढेंगळ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आम्हाला जंतूच तर हवे होते!"

"जंतू? त्यांच्यापासून तर हिला जन्मापासून जपतेय मी."

"पोटातले काही जंतू लहानपणीच शरीराला शिकवतात म्हणे, कुणाशी भांडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं. ते नसले तर शरीर साध्या धुळीशीही भांडत बसतं, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. खरं-खोटं अजून ठरायचंय."

ढेंगळ्यांनी दिलेली नवी डबी घेऊन मृदुला सवयीने ती धुवायला बेसिनपाशी गेली.

दम्याचा पंप हातात धरून शाल्मली सगळं मन लावून ऐकत होती. तिने फ्रॉक वर केला, दार वाजवावं तसं पोटावर टकटक केलं आणि थोडा वेळ वाट पाहिली.

"आई, माझ्या आत कुणीच राहत नाही का गं?"

मृदुलाचा हात नळावर तसाच राहिला.