इंग्रजीत धार

"कुणाचा इस्वास बसणार न्हाय पावणं, पण आमची म्हैस इंग्रजीत बोलल्याबिगर दूध देत न्हाय," आकाराम म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी सयाजीरावांपुढं सरकवली.

सयाजीराव गारगोटीहून स्थळ बघायला आले होते. मुलगा म्हणजे आकारामांचा नातू विश्वजित. सयाजीरावांची मुलगी राजनंदिनी शेजारीच बसली होती. घर पसंत होतं. मुलगा कामाचा होता, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. राजनंदिनी पुण्यात एका परदेशी कंपनीत होती. तिच्या ऑफिसातली माणसं घरी आली तर नवऱ्यानं त्यांच्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत, आतल्या खोलीत जाऊन बसू नये, एवढीच तिची अट. आल्यापासून तिनं विश्वजितला इंग्रजीत साधंसुधंच विचारलं होतं. जे जे विचारलं, त्याला उत्तर म्हणून तो पाणी प्यायला.

तांब्या रिकामा झाला तेव्हा आकारामांनी कारभार हातात घेतला.

ते सांगू लागले. पोरगं राजारामपुरीत इंग्रजी बोलायच्या क्लासला जातं. सर रोज एक विषय देतात. हवापाणी, नाष्टा, प्रवास. घरी जाऊन त्यावर कुणाशी तरी बोला म्हणतात. आता बोलायचं कुणाशी? आई चिमणाबाई इंग्रजीतलं फक्त 'गॅस' बोलते. तालमीत तोंड उघडावं तर पोरं वर्षभर 'लंडनकर' म्हणून हाका मारतील. म्हणून पोरगं धार काढताना म्हशीशी बोलायला लागलं. तिला ती गोडी अशी लागली की आता मराठीत कितीही चुचकारा, थेंब देत नाही. नाष्ट्याच्या विषयाला दूध जास्त, हवापाण्याला बेताचं. प्रवासाचा विषय झाला त्या दिवशी तर दावं तोडून गेली. सगळी पेठ पालथी घातली. शेवटी हातकणंगल्याच्या स्टेशनात सापडली, फलाटावर, गाडीची वाट बघत.

राजनंदिनी पदराआड हसली. विश्वजितचे कान लाल झाले होते. क्लासला तो जात होता हे खरं, पण शेवटच्या बाकावरून त्यानं अजून हजेरीसुद्धा खुणेनंच दिली होती.

यात आणखी एक गोष्ट खरी होती. म्हैस नवी होती, गेल्या महिन्यात व्यापाऱ्याकडून आणलेली, आणि भलती अडेल. पेंड घाला, अंग चोळा, ती पान्हा चोरायची ती चोरायचीच. तेवढ्या पायावर आकारामांनी हा सगळा मजला चढवला होता.

"दाखवा की मग," सयाजीराव म्हणाले.

धारेची वेळ झालीच होती. आता नाही कसं म्हणणार? आकाराम उठले. मागून सगळे गोठ्यात गेले. दारातच सयाजीराव थबकले. पावणं जनावर बघूनच हबकलं, असं आकाराम समजले आणि त्यांना जरा हुरूप आला. राजनंदिनी मात्र चांगल्या साडीची पर्वा न करता सरळ म्हशीच्या तोंडाशी गेली आणि तिच्या शिंगांमध्ये खाजवत उभी राहिली.

आधी चिमणाबाई बसल्या. बाय माझी, गुणाची माझी, सगळं करून झालं. बादली कोरडीच. बघितलंसा, म्हणून आकारामांनी नातवाकडं हात केला.

विश्वजित खाली बसला. म्हाताऱ्याची अब्रू आणि स्वतःचं लग्न, दोन्ही आता त्याच्या जिभेवर होतं. आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यानं म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं. तिथून कुणाचंच तोंड दिसत नव्हतं.

"गुड इव्हिनिंग," तो म्हशीच्या पोटाशी पुटपुटला. "हाऊ आर यू?"

म्हैस ढिम्म. आकाराम गोठ्याचे वासे बघू लागले.

"आय ॲम फाइन," पलीकडून राजनंदिनी म्हणाली. "व्हॉट डिड यू ईट टुडे?"

विश्वजितनं बादली गुडघ्यांत घट्ट धरली.

"पोहे," तो म्हणाला. "पोहे अँड टेन्शन."

ती खळखळून हसली आणि बोलतच राहिली. पोह्यांवरून ती हवेवर गेली, हवेवरून पुण्यातल्या रिक्षांवर. तो तिकडून एकेक वाक्य ढकलत होता. मोडकं, पण अख्खं. म्हशीनं कान टवकारले, डोळे अर्धे मिटले, आणि बादलीत चर्रकन धार वाजली. मग दुसरी. बघता बघता फेस काठाला आला.

चिमणाबाईंनी तोंडाला पदर लावला. आकाराम गव्हाणीच्या कडेवर मटकन बसले. जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण असं उठून चालायला लागलेली ही पहिलीच. पण ते सावरले. मिशीवरून हात फिरवून त्यांनी पावण्यांना विचारलं, "आता बोला पावणं. ह्यो आकाराम कधी खोटं बोललाय?"

सयाजीरावांनी लेकीकडं बघितलं.

"बोललासा की, आजोबा," राजनंदिनी म्हणाली. तिचा हात अजून शिंगांमध्येच होता. "ही आमची म्हैस. नोकरीच्या मुलाखतीसाठी मी वर्षभर हिच्याशीच इंग्रजी बोलत हुते. मी पुण्याला गेले आणि ही कुणालाच दूध देईना, म्हणून ह्या आमच्या आण्णांनी व्यापाऱ्याला विकली. हिला म्याच शिकवलंय. आता ह्यांनाबी शिकवते."