टक, टक-टक

"आवाज कसा हवाय तुम्हाला?" गिटार बनवणाऱ्याने विचारलं.

"घरात कुणाला त्रास होणार नाही असा," सून म्हणाली आणि तिने जीभ चावली. सासरे शेजारीच उभे होते.

खरं तर त्यांना आणायचं तिच्या मनातही नव्हतं. हा घोळ नवऱ्याने परस्पर घातला होता. "बाबांचा जन्म फर्निचरच्या कारखान्यात गेला. लाकूड त्यांच्याइतकं कुणाला कळतं? घेऊन जा." त्याला सांगायला काय जातंय. बाबांची खोली तिच्या खोलीला लागून, मधे वीतभर जाडीची भिंत. बँडच्या सरावासाठी ती बेस गिटार घेऊन बसली की थोड्या वेळाने पलीकडून यायचंच: टक, टक-टक. की हिने तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केलाच. बाबा तोंडातून चकार शब्द काढत नसत, आणि तेच जास्त लागायचं. हल्ली तर ती टकटकही हळू झाली होती. वैतागून वैतागून माणूस थकला, असं तिने धरून टाकलं होतं. आज बाबांनी नाक मुरडलं तर ऑर्डर रद्द करायची आणि बँडलाही रामराम ठोकायचा, हे तिचं ठरलं होतं. ठरवल्यापासून घास घशाखाली उतरत नव्हता, ते वेगळं.

बनवणाऱ्याने टेबलावर फळ्या मांडल्या. "ॲशच्या लाकडाचा आवाज खणखणीत. अक्रोडाचा मध्यम. महोगनीचा भारदस्त, पोटातून आल्यासारखा."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. एकेक फळी वरच्या कडेला चिमटीत धरून कानाशी नेली आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिली.

टक, टक-टक.

तिच्या गळ्यात गिटार नव्हती, तरी हात आपोआप पोटाशी गेला, नसलेल्या तारा दाबायला.

बाबांनी ते पाहिलं. त्यांनी महोगनी बाजूला काढली. "ही घे. भिंतीतून तुझा आवाज येतो तो असाच. ॲश नको, ती फार बडबड करेल." मग जरा चाचरत म्हणाले, "एक विचारू? तू दर वेळी मधेच थांबतेस का गं?"

"तुम्ही भिंतीवर मारता म्हणून."

"अगं, मी ठेका धरतो."

ती तिथल्याच स्टुलावर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. छातीवरचं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं झालं. बनवणाऱ्याला काही कळलं नाही. त्याने आपली महोगनीवर पेन्सिलने खूण केली.

"हसतेस काय," बाबा म्हणाले. त्यांचाही चेहरा आता सैल झाला होता. "मला वाटायचं, माझा ठेका चुकतो म्हणून तू थांबतेस. म्हणून तर हल्ली हळू वाजवतो."