सुपर बाजाराचा वरचा मजला

प्लेट समोर आली तेव्हा गिरधारीलालांनी आधी वाकून तिचा वास घेतला. लसूण नव्हता. बाबूजी कांदा-लसूण खात नाहीत, हे मुलानं, नवलकिशोरनं, काउंटरवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. नूडल्स मात्र गार होत्या आणि तेलात एकमेकींना चिकटल्या होत्या. वाटीत काळपट रश्शात मंच्युरियनचे गोळे होते. त्यांनी एक गोळा चमच्यानं फोडला. आत मैदा कच्चा.

"हे खातात लोक?" ते म्हणाले. आवाजात समाधान होतं.

जालन्यात हा सुपर बाजार उघडला तेव्हापासून त्यांच्या किराणा दुकानात दुपारी माशा मारायची वेळ आली होती. आपणही दुकान असंच करू, असं नवलकिशोर दिवाळीपासून म्हणत होता. बाबूजी ऐकत नव्हते. एकदा डोळ्यांनी बघा आणि मग काय ते ठरवा, म्हणून आज त्यानं त्यांना आणलं होतं.

पण गिरधारीलालांना बसवत नव्हतं. ते उठले आणि कठड्यापाशी जाऊन खाली बघू लागले. बायका गाड्या ढकलत चालल्या होत्या. एक जण तूरडाळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत होता. त्या डाळीत दम नाही, हे त्यांना वरूनच दिसत होतं. ते परत येऊन बसले, कागदाच्या रुमालानं कोरडेच हात पुसले आणि पुन्हा उठले. डाळ अशी, वर जेवण हे असलं. लोक चार दिवस येतील, मग आहेतच आपल्याकडे, असं त्यांनी मुलाला सांगितलं.

"बाबूजी, टेबलं बघा," नवलकिशोर म्हणाला.

टेबलं भरलेली होती. जवळजवळ प्रत्येक प्लेटीत अर्धं अन्न तसंच पडलेलं होतं, पण उठायचं नाव कोणी घेत नव्हतं. हे गणित गिरधारीलालांना काही केल्या सुटेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांना रामकिसन दिसला.

रामकिसन भोकरदनकडचा शेतकरी. त्याच्या बापापासून घरचा किराणा गिरधारीलालांच्याच दुकानातून जायचा. शेठजी येताना दिसताच त्यानं पायानं सुपर बाजाराची पिवळी पिशवी टेबलाखाली सारली. समोर त्याची बायको पुष्पाबाई बसली होती. तिचं नाव गिरधारीलालांना माहीत नव्हतं. रामकिसनच्या घरची, एवढंच माहीत होतं. तिनं चपला काढून पाय खुर्चीवर घेतले होते आणि पाठ मागं टेकली होती.

आपण सहज आलो, लेकीनं बघून या म्हणून सांगितलं, माल तर तुमच्याकडूनच न्यायचाय, असं रामकिसन घाईघाईनं सांगू लागला. गिरधारीलालांनी हात हलवून त्याला थांबवलं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं. जेवण कसं आहे?

रामकिसनला हायसं वाटलं. "बेकार हाय, शेठजी. बिलकुल गिळवत न्हाई."

गिरधारीलालांनी वळून मुलाकडे बघितलं. नवलकिशोर त्यांच्या मागोमाग येऊन उभा होता. मग त्यांनी हसत, पण जरा मोठ्यानं, रामकिसनला विचारलं, "मंग कशाला बसले इथं? जल्दी उठायचं अन् आपल्या दुकानावर यायचं."

उत्तर रामकिसननं दिलं नाही. पुष्पाबाईनं दिलं.

"जेवण बेकारच हाय," ती म्हणाली. "पण कवाचे बसून राह्यलो, कोणी ऊठ म्हणलं न्हाई."

रामकिसननं तिला गप्प राहायची खूण केली. तिनं ती पाहिली आणि तरीही ती बोलतच राहिली. आवाज चढवला नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलली.

"लग्न होऊन आले तवापासून तुमच्या दुकानावर येऊन राह्यले, शेठजी. यांना गादी भेटती, चहा भेटतो. मी बाहीर पायरीवर, पिशव्या धरून. दोन्ही लेकरं त्या पायरीवरच पाजली, पदर वढून."

बाहेर थांबा असं आपण या बाईला कधी म्हटलेलं नाही, हे गिरधारीलालांना नक्की आठवत होतं. ते तसं म्हणणारही होते. पण आत या असं कधी म्हटलं होतं, हे आठवायला गेले तेव्हा त्यांना काहीच सापडेना. त्यांनी पायरी आठवून बघितली. तिच्यावर कोणी ना कोणी बाई असायचीच, ऊन चुकवत, भिंतीला लागून. चेहरा मात्र एकीचाही आठवेना.

नवलकिशोर खाली फरशीकडे बघत होता.

पुष्पाबाईनं नूडल्सचा एक गार गुंता चमच्यावर उचलला, बघितला आणि परत प्लेटीत सोडला. तिला ते खायचं नव्हतं आणि उठायचंही नव्हतं. शेजारच्या कौसल्याच्या सासूनं इथं येऊन भारी साडी घेतली, असं काहीतरी ती नवऱ्याला सांगू लागली. तिच्यापुरता तो विषय संपला होता.

गिरधारीलाल मात्र तिथून हलले नाहीत. आजूबाजूला लोक बोलत होते, चमचे वाजत होते. आपण फार वेळ या टेबलापाशी आहोत आणि काहीतरी बोललं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

"बसा, बाई," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "आरामात बसा."

पुष्पाबाईनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मी बसलेलीच हाय की, शेठजी," ती म्हणाली. "उभे तर तुम्ही हायेत."