वरचा आकडा

मुलीने बाबांचं मीठ निम्म्यावर आणलं, तळण बंद केलं, रोज अर्धा तास चालायला लावलं. तरी सकाळी तिने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला की वरचा आकडा एकशे साठच! "खरं सांगा, काल चोरून काय खाल्लंत?" ती खडसावायची. "काही नाही गं," म्हणत ते मान खाली घालायचे.

शेवटी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. बाहेर आलेला फोन संपवून ती आत आली, तेव्हा पडद्यापलीकडे नर्स म्हणत होती, "एकशे अठ्ठावीस! मग घरीच कसं वाढतं, आजोबा?"

"घरी लेक मोजते ना. आकडा वाढला तर ओरडेल, या धास्तीनंच धडधडतं."

पडदा सरकवायला उचललेला हात तिने खाली घेतला.

"पण तिला सांगू नका हं," बाबा म्हणाले. "फार झटते बिचारी माझ्यासाठी."