बाबांचा कट्टा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या आपल्या बाबांसाठी मुलीने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं आणि त्यावर कारागिरांच्या गप्पांचा फोरम उभारायला घेतला. डेटाबेस जोडला तर पान उघडेना, पान उघडलं तर नोंदणीचा मेल कुणाला जाईना. बाबा शेजारी बसून नुसते बघत होते. शेवटी रविवारी दुपारी एकदाचं सगळं मार्गी लागलं.

"घ्या बाबा, तुमचा हक्काचा कट्टा! आता लिहा काय लिहायचं ते."

हळूहळू गावोगावचे कारागीर जमले. दोरा का तुटतो असं कुणी विचारलं, की बाबा पानभर उत्तर लिहायचे आणि वर उमेदवारीच्या दिवसांतला एखादा किस्साही जोडायचे. एकदा कुणीतरी वैतागून लिहिलं, "काका, तुम्ही फार बोलता बुवा!"

मुलगी भडकली. ती ते वाक्य पुसायलाच निघाली होती, पण बाबांनी तिचा हात धरला. ते गालातल्या गालात हसत होते.

"रा... राहू दे," ते म्हणाले. "शा... शाळेत होतो तेव्हापासून वा... वाट बघतोय, को... कोणीतरी मला असं म्हणेल म्हणून."