न फुटणारी बांगडी

व्हीआर चष्म्यात दिगंबर कासारांची बायको वत्सला हात पुढे करून बसली होती. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. यंत्राने जुन्या व्हिडिओंवरून तिला बनवलं होतं. अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात हलवायचा, असं कासारांनी नुसतं मनात आणलं, आणि चष्म्यातल्या हाताने तिचा पंजा दाबून काचेची बांगडी अलगद चढवली.

"शंभर गुण," व्यायाम घेणारी नूतन म्हणाली. "काका, यंत्राच्या हिशेबी तुम्ही बरे झालात. उद्यापासून यायचं नाही."

कासारांनी चष्मा काढला. हात मांडीवर तसाच पडून होता.

"घरी याच्याने कप उचलवत नाही. आत यंत्र मदत करतं का?"

"थोडी करतं. पेशंट खचू नये म्हणून."

"चाळीस वर्षं बांगड्या भरल्या मी. वत्सलाच्या अंगठ्याचा सांधा जाड. डझनात एक तरी जायचीच, आणि वर बोलणी मलाच. ही बाई गप्प बसते. ही वत्सला नाही, आणि तो हात माझा नाही."

त्यांनी डाव्या हाताने पिशवीतून खऱ्या बांगड्या काढल्या.

"हात द्या मॅडम. गुण तुम्ही मोजा."

नूतनने हात पुढे केला. कासारांच्या उजव्या हाताची बोटं तिच्या पंजाभोवती कशीबशी मिटली. बांगडी तिच्या अंगठ्यापर्यंत सरकली आणि फुटली.

"वाढली," कासार म्हणाले. त्यांच्या धंद्यात फुटली म्हणत नाहीत.

नूतनने शंभर खोडून पाच लिहिले. "उद्या दहाला या."

"नऊला येतो," म्हणत कासारांनी दुसरी बांगडी उचलली.